अडकलेलं चाक

सुजाता मेश्राम बोलायला लागली की मास्तर लोक घड्याळाकडे पाहायचे, तरी ती थांबायची नाही. तिचं कामच तसलं. भिलाईतल्या हायस्कुलांमध्ये जायचं, शिक्षकांच्या बाजूला बसायचं आणि प्रकल्प करवून घेताना मुलांची आवड, घरचं काम नि वर्गातला धडा एकमेकांना कसे जोडायचे ते दाखवायचं. बहुतेकांनी चहा पाजून तिला वाटेला लावलं. रिसालीच्या एका शाळेतले विज्ञानाचे श्रीधर सर तेवढे तयार झाले, तेही निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली असताना. प्राचार्यांनी मात्र बजावलं होतं, शनिवारच्या प्रदर्शनात मुलं आपल्या तोंडानं बोलली तरच हे पुढं चालेल. नाही तर सगळं बंद, नि सरांनी मुकाट्यानं गाइड उघडावं.

धडा उष्णतेचा होता. "पोरांना सांगा, घरच्यांची मदत घ्या," सुजाता बोलून गेली. अहो, हे भिलाईत सांगायचं असतं का! निम्म्या पोरांचे बाप पोलादाच्या प्लांटमध्ये, उरलेल्यांचे हथखोजच्या कारखान्यांत लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर. सोमवारी टेबलांवर लखलखीत भट्ट्या, बॉयलर, रंग मारलेली इंजिनं येऊन बसली. श्रीधर सर हरखून गेले. "काय फिनिशिंग आहे, मॅडम! बघतच राहावं!"

सुजातानं प्रांजली नावाच्या मुलीला विचारलं, "ये चलता कैसे है?" प्रांजलीनं आपल्या बॉयलरवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "पापा को पता है."

दहावीत सुजातानंही असंच इंजिन नेलं होतं. तिच्या बाबांनी, देवीदासांनी, जेवणाच्या सुट्टीत घाईघाईनं लेथवर केलेलं. परीक्षकांसमोर त्याचं चाक फिरेचना. का फिरत नाही, हे काही तिला सांगता आलं नाही आणि सगळा वर्ग हसला. आज केस पिकले तरी ती लाज गेली नव्हती.

"हे सगळं परत पाठवा, सर," ती म्हणाली.

"आता? शनिवार आला की हो! वेड लागलं का तुम्हाला?"

"चूक माझीच आहे. मी मदत घ्या म्हटलं, अन् बापांनी कामच करून टाकलं. आता पोरांना म्हणा, घरच्यांच्या हातून बिघडलेला एखादा जॉब, म्हणजे कारखान्यात केलेला तुकडा, आणा. तो कावून बिघडला, ते विचारून या."

सर दुपारभर फुगून बसले, पण फळ्यावर लिहिलं त्यांनीच. बाप लोक चिडले. आपली चूक पोरांच्या हातात कोण देईल? तरी गुरुवारपर्यंत अवजारांच्या पेट्यांच्या तळातून अकरा तुकडे निघाले. मग मुलं आणि सर शेगडीवर लोखंड तापवून मापं घेत बसले. सरांनी बोट भाजून घेतलं आणि पोरांइतकेच खूश झाले.

शनिवारी सुजातानं बाबांनाही आणलं. प्राचार्य प्रांजलीनं आणलेल्या पुलीपाशी, पट्ट्याच्या चाकापाशी, थांबले. "ये तो कबाड़ है. इसमें क्या देखें?"

प्रांजलीनं सरांकडे पाहिलं. उत्तर सरांच्या ओठांवर आलं होतं, पण त्या भल्या माणसानं आपलंच तोंड हातानं दाबून धरलं.

"सर, लेथ पे काटते समय ये गरम थी," प्रांजली बोलू लागली. "पापा जल्दी में थे, गरम में ही नाप लिया. ठंडी हुई तो छेद सिकुड़ गया, छोटा हो गया. अब शाफ्ट इसमें घूमती नहीं. मैंने खुद गरम करके, नाप के देखा."

प्राचार्यांनी पुली हातात घेतली, उलटीपालटी केली. "श्रीधरजी," ते म्हणाले, "अगला प्रोजेक्ट कब है?"

सरांनी वळून सुजाताकडे पाहिलं. पण तिचं लक्षच नव्हतं. ती बाबांकडे पाहत होती. देवीदास काठीवर दोन्ही हात ठेवून खाली मान घालून उभे होते.

"बाबा, माझं चाक..."

"गरमच मापलं होतं, बाई. सुट्टी संपून राहिली होती." त्यांनी मान वर केली. "तू रडत घरी आली, तेव्हाच मले समजलं. पण तुले सांगाची लाज वाटली."

सुजाताचे डोळे भरून आले. तिनं त्यांचा हात धरला आणि त्यांना प्रांजलीच्या टेबलापाशी नेलं.

"हिले सांगा, बाबा," ती म्हणाली. "इथं अकरा जॉब आहेत. बारावा आपला."