शबनमचा गाभ

लष्करातली माझी शेवटची पोस्टिंग नाशिकजवळच्या छावणीत होती. मी दफेदार, म्हणजे पायदळातल्या हवालदाराच्या बरोबरीचा. आमच्या तबेल्यात घोड्यांची पैदास चाले. लोकांना वाटतं, सैनिक म्हणजे सदानकदा बंदूक. माझ्या हातात बहुतेक वेळ सिरिंज असायची आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

घोडी आपल्या मर्जीने माजावर येते. लष्कराला वेळापत्रक लागतं. म्हणून हार्मोनचं एक इंजेक्शन देऊन तिला माजावर आणायचं आणि दुसरं देऊन बीज सुटण्याची वेळ साधायची. पहिलं इंजेक्शन गाभण घोडीला गेलं, तर गाभ पडतो. तबेल्यात येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगितलं जाई.

शबनम नावाची तांबूस घोडी मागचे हंगाम गाभण राहिली नव्हती. यंदाही राहिली नाही, तर तिला पैदाशीतून काढायचा हुकूम होता. ती राहिली. गाभ अजून अगदी कोवळा होता. तिची देखभाल करणारा सईस, सायखेड्याचा सवार संतू शिंदे, स्वतः बाप होणार असल्यासारखा मिरवत होता. डोहाळजेवण कधी, म्हणून आम्ही त्याला छळायचो.

त्या दिवशी सकाळी नालबंदाने घोड्यांचे खूर घासले. खुरांवर डागलेले नंबर त्यात निघून गेले. नवे दुपारी डागायचे होते. शबनमच्या ठाणावर ऊन येतं म्हणून शिंदेने तिला शेजारच्या मल्लिकाच्या ठाणावर बांधलं, मल्लिकाला तिच्या जागी, आणि तो पाणी आणायला गेला. दोघींचा रंग सारखाच. मल्लिकाला त्या दिवशी माजावर आणायचं होतं. नवीन आलेल्या लान्स दफेदार यादवने ठाणावरची पाटी वाचली आणि समोरच्या घोडीला इंजेक्शन दिलं.

शिंदे बादली घेऊन परतला, तेव्हा इंजेक्शनच्या परिणामाने घोडीच्या मानेवर घाम फुटला होता.

"हिला काय दिलं?"

"मल्लिका का इंजेक्शन था, दे दिया," यादव म्हणाला.

"ही मल्लिका नाय! शबनम हाय ही!"

मला दोघांचाही भयंकर राग आला होता, पण राग काढत बसायची वेळ नव्हती. आमचे डॉक्टर कॅप्टन साहेब पिंपळगावजवळ कांद्याच्या टेम्पोंमागे अडकले होते. मी फोन लावला.

"सर, मल्लिकाचं इंजेक्शन शबनमला गेलं."

"कधी?"

"आत्ताच."

"स्टोअरमध्ये माज रोखायचं औषध आहे?"

"आहे, सर."

"तेच गाभ धरून ठेवतं. लगेच तोंडातून द्या. मी सांगेपर्यंत रोज. एक दिवस चुकायचा नाही."

स्पर्धेच्या काळात घोडी माजावर येऊ नये म्हणून आम्ही ते तेलकट औषध ठेवायचो. शिंदेने हातमोजे चढवले आणि पहिला डोस स्वतः दिला. त्यानंतर त्याने कुणालाच देऊ दिला नाही. मंजूर झालेली रजाही घेतली नाही.

पुढे कॅप्टन साहेबांनी सोनोग्राफी केली. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "शिंदे, इकडे बघ. काळीज."

एक बारीकसा ठिपका फडफडत होता. शिंदे घोडीच्या पुठ्ठ्याला डोकं टेकून रडला. माझेही डोळे भरले.

मग शिंदेची पोस्टिंग उत्तरेला खेचरांच्या तुकडीत झाली. रसद घेऊन जाताना बर्फाचा कडा कोसळला. तो आणि त्याचं खेचर दोघंही गेले. शबनम तेव्हा व्यायची होती.

शिंगरू झालं, नर. साहेबांची परवानगी काढून मी शिंदेच्या आईला तबेल्यात आणलं आणि चुकीच्या इंजेक्शनची गोष्ट सांगितली. शिंगराच्या कपाळावरून हात फिरवत तिने विचारलं, "संतूला कळलं व्हतं का, हे वाचलं म्हणून?"

"होय, मावशी. ह्याचं काळीज चालताना त्याने स्वतः पाहिलं."

"मग बरं झालं."

ती तिथेच गवतावर बसली. शिंगरू तिचा पदर ओढत होतं. आम्ही कुणी तिला उठवलं नाही.