वैनी पंगतीला बसल्या

गेल्या रविवारी आमच्या बेळगावजवळच्या कंग्राळीच्या घरात वैनी चक्क आप्पांच्या समोर जेवायला बसल्या... तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, आमच्याकडे बायका मागाहून जेवतात. वैनींच्या लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली असतील, पण सासऱ्यांच्या पंगतीला त्या कधी बसल्या नव्हत्या.

गोष्ट खरं तर माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची. (त्याला विचारूनच लिहितोय.) त्याची कंपनी बंद पडली आणि माणूस हळूहळू आतल्या खोलीतच राहायला लागला... टीव्ही, चहावर चहा आणि फरसाणाचं पाकीट. रात्री झोप नाही, दिवसा बोलणं नाही. जेवायला हाक मारली की "भूक न्हाय" म्हणायचा.

त्यात आमचे पाहुणे! भेटायला येणारा प्रत्येक जण बेळगावातून खव्याच्या गोड कुंद्याचा डबा घेऊन यायचा, रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून. मन हलकं करायला आलेल्यांनी अण्णाचं वजन तेवढं वाढवलं... मन होतं तिथंच.

शेवटी वैनींनीच हट्ट धरून त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. "याड लागलंय व्हय मला?" म्हणून अण्णा लई भांडला, पण वैनी हटल्या नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड आणि चहा आवरायला सांगितला. आणि म्हणाले, यांना एकट्याला जेवू देऊ नका.

आता आली का पंचाईत! अण्णा काही पंगतीला येईना. मी चिडून कारण विचारलं, तेव्हा कुठं तोंड उघडलं... "कमवत न्हाय मी. आप्पांच्या म्होरं कुठल्या तोंडानं ताटावर बसू?"

वैनी दारातच उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

रविवारी त्यांनी आप्पांच्या समोर अण्णाचं ताट मांडलं आणि त्याच्या शेजारी स्वतःचं. अण्णाला हाताला धरून आणलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी तरी कुठं पगार आणतेय? मीबी बसते. कोण उठवतंय बघू."

आप्पा जुन्या वळणाचे, आता भडका उडतोय असंच मला वाटलं. पण त्यांनी नुसतं आपलं ताट जरा मागं ओढून सुनेला जागा करून दिली. माझी बायको आमटी वाढता वाढता डोळे पुसत होती.

अण्णा मान खाली घालून जेवत होता. एकाएकी त्याचा हात थांबला... त्याच्या ताटात गरम भाकरी, आणि वैनींच्या ताटात रात्रीची, कडक झालेली. "शिळी रोज तूच खातीस व्हय गं?"

"मग टाकायची व्हय?" वैनी म्हणाल्या.

अण्णानं त्यांची भाकरी मोडून अर्धी स्वतः घेतली, आपली गरम अर्धी त्यांना दिली. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

एका जेवणानं जादू झाली असं मी म्हणणार नाही. गोळ्या चालू आहेत, वाईट दिवसही येतात. पण काल दुपारी वैनींना शेतातनं यायला उशीर झाला... आप्पा, मी, अण्णा सगळे बसलो होतो, ताटं वाढलेली, आणि अण्णा ताटाला हात लावीना. मला वाटलं, झालं, परत सुरू!

मी भाकरी मोडायला गेलो, तर माझा हात धरून म्हणतो कसा, "थांब की रं जरा... तिला येऊ दे."

आमटी पार निवली, पण आप्पांसकट सगळे थांबलो. इतकी वर्षं तुम्ही आमच्यासाठी थांबलात वैनी... तुमच्यापुढं हात जोडतो.