शेवटच्या स्टँडवरची वही

ऑर्केस्ट्रात त्याला सगळे बोटमोड्या म्हणत. तालमीआधी तो खरंच दहाही बोटं एकेक करून मोडायचा, आणि एरवीही कोणाच्या ना कोणाच्या नावाने बोटं मोडतच असायचा. वय सत्तावन्न. सव्वीस वर्षं व्हायोला वाजवत होता. व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठा, जरा घोगरा. सुरावट वाजवतात ती व्हायोलिनं. व्हायोलावाले मध्ये बसून सगळं एकत्र धरून ठेवतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही, असं तो म्हणायचा. त्याची जागा व्हायोलांच्या शेवटच्या स्टँडवर, म्हणजे सुरांची पानं ठेवायच्या घोडीपाशी, होती.

स्वभाव संशयी होता, पण तो काही आभाळातून पडला नव्हता. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शेजारच्या खिळेजुळाऱ्याने वर्षभर त्यांच्या उशिरा येण्याच्या वेळा लिहून ठेवल्या आणि एक दिवस कागद मालकापुढे धरला. वडील घरी बसले ते कायमचे. बोटमोड्या तेव्हा बारा वर्षांचा होता. शेजारी बसणाऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्याने त्या वर्षी मनाशी पक्कं केलं.

त्या हंगामात आठ कार्यक्रम लागले होते. पहिल्याच आठवड्यात कुजबुज सुरू झाली की हंगाम संपला की आठ व्हायोलांचे सहा करणार. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या स्टँडवरची बाई आपणहून मागे आली, थेट त्याच्या शेजारी. पंचेचाळिशीची, अबोल, हात गोड. एका स्टँडवर दोघं बसतात. प्रेक्षकांच्या बाजूचा नुसता वाजवतो आणि आतल्या बाजूचा पानंही उलटतो. तिने आतली खुर्ची मागून घेतली.

"पुढून मागे कोणी स्वतःहून येतं का?" तो दुपारी जेवताना बायकोला म्हणाला. बायको शाळेत भूगोल शिकवायची आणि जेवताना वह्या तपासायची.

"तिला पुढे बसून कंटाळा आला असेल."

"कंटाळा नाही. पाठवलंय तिला."

"कोणी?"

"ते बघायचंय."

आणि बघायला मिळालंही. तिच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची छोटी वही होती. तालमीत कंडक्टर थांबला, की ती वही गुडघ्यावर घेऊन पटपट दोन ओळी लिहायची आणि बंद करायची. (त्यांच्या कंडक्टरच्या हातात तिकिटं नसत, बारीक पांढरी काठी असे, पण खाली उतरवण्याचा अधिकार त्यालाही होता.) वाजवताना ती कंडक्टरकडे कमी आणि बोटमोड्याच्या उजव्या हाताकडे जास्त बघायची. गज धरलेली बोटं, मनगट, कोपर. एकदा तर तिची नजर त्याच्या बुटावर होती.

तिसऱ्या कार्यक्रमाच्या तालमीत त्याने मान वळवल्यासारखं करून वहीत डोकावलं. ओझरतंच दिसलं. '७२... कोपर वर... उशीर.' आकडा बारचा. बार म्हणजे सुरांच्या ओळीतले उभ्या रेघांनी पाडलेले कप्पे. बहात्तराव्या कप्प्यात त्याचं कोपर वर जातं आणि त्याला उशीर होतो, असा त्याने अर्थ लावला. वडिलांच्या वेळीही उशीरच लिहिला गेला होता.

"विचारा ना तिला सरळ," बायको म्हणाली.

"विचारलं की सावध होईल."

"मग होऊ दे सावध. तुम्ही तरी सुटाल."

त्याने विचारलं नाही. उलट तोच तिच्यावर नजर ठेवायला लागला. मागून हाक मारली तर ती वळायची नाही, म्हणजे शिष्ट. मधल्या सुटीत ती गप्पांच्या घोळक्यात न जाता भिंतीला टेकून एकेकाच्या तोंडाकडे टक लावून बघायची, म्हणजे कोण काय बोलतंय याची नोंद घेत असणार. एकेक गोष्ट त्याच्या हिशेबात चपखल बसत गेली.

चौथ्या कार्यक्रमात मात्र कहर झाला. सिम्फनीच्या संथ भागात व्हायोलांना एकट्यांना सोळा बार होते. वर्षातून एखाद्या वेळी मिळतात असे. मागे ट्रम्पेटं थांबली, पान उलटायची वेळ आली, आणि ती बसून राहिली. पान तसंच. बोटमोड्याने पुढच्या दोन ओळी आठवणीने वाजवल्या, तिसऱ्या ओळीवर अडखळला. तेवढ्यात तिने दचकून पान उलटलं. पहिल्या स्टँडवरच्या दोघांनी मागे वळून पाहिलं, ते त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ऑर्केस्ट्राच्या मॅनेजरबाईंना पत्र नेऊन दिलं. शेजारीण मुद्दाम चुका घडवते, सहकाऱ्यांच्या नोंदी वहीत ठेवते, चौकशी व्हावी. बाईंनी पत्र उभ्या उभ्या वाचलं. "उद्या अकराला बोलावते तिला," म्हणाल्या.

जिना उतरताना त्याला हलकं वाटलं. तेही दुपारच्या तालमीपर्यंतच टिकलं.

मधल्या सुटीत ती पाणी प्यायला गेली आणि वही खुर्चीवर राहिली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि उघडली. पानंच्या पानं बारांचे आकडे होते. '४०. हा श्वास घेतो, मग गज. त्याच्याबरोबर सुरू.' '७२. त्याचं कोपर वर गेलं की सूर. मला उशीर झाला.' '११२. ट्रम्पेटं थांबली की हा डावा पाय सैल सोडतो. तेव्हा पान.' आणि खाली, कालच्या तारखेला: 'आज त्याने पाय हलवला नाही. मला कळलं नाही.' पुठ्ठ्याच्या आत तपासणीची चिठ्ठी होती. उजवा कान पूर्ण गेलेला, डावा निम्म्यावर.

मान वर केली तर ती समोर उभी.

"वाचलंत?"

त्याने वही मिटली.

"वीस वर्षं ट्रम्पेटांच्या पुढ्यात बसले. उजवा कान त्यांच्याकडे," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचा हात घड्याळासारखा चालतो. म्हणून मागे आले. डाव्या बाजूला तुम्ही असलात की जमतं. हा हंगाम निभावायचा होता, मग सोडणारच होते. कोणाला सांगू नका, एवढंच."

"मी सांगितलंय," तो खाली वहीकडे बघत म्हणाला.

तिला ऐकू गेलं नाही. त्याला तेच वाक्य तिच्या डाव्या कानाशी वाकून, मोठ्याने म्हणावं लागलं. पत्रात काय लिहिलं तेही सांगावं लागलं. तिने वही घेतली, पिशवीत टाकली आणि उरलेली तालीम त्याच्या शेजारी बसूनच वाजवली. एकदाही चुकली नाही.

सकाळी साडेदहालाच तो मॅनेजरबाईंच्या दारात उभा राहिला. पत्र मागे घ्यायचंय म्हणाला.

"काल तक्रार, आज माघार. दोघांत काय शिजतंय?"

"काही नाही. पान मी उलटायचं असं ठरलं होतं. मी विसरलो."

"आतल्या खुर्चीवर त्या असताना पान तुम्ही उलटणार?"

"हो."

"आणि वही?"

"ती तिची खाजगी आहे. माझा गैरसमज झाला."

बाईंचा एका अक्षरावर विश्वास बसला नव्हता, ते दिसतच होतं. त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला आणि त्याच्यासमोरच लिहून घेतलं: सहकाऱ्याविरुद्ध खोटी तक्रार, स्वतःची चूक कबूल. त्याने खाली सही केली. सही करताना वडील डोळ्यांपुढे आले, पण या वेळी त्यांच्याबरोबर त्यांच्या शेजारचा तो खिळेजुळाराही आला, आणि त्याचा चेहरा बोटमोड्याला फार ओळखीचा वाटला.

अकराला ती आत गेली आणि तिने सगळं स्वतःच सांगून टाकलं. मॅनेजरबाईंनी तिला हंगाम पूर्ण करू दिला. उरलेले चार कार्यक्रम दोघांनी एकाच स्टँडवर वाजवले. तो आता नाकाने मोठा श्वास घ्यायचा, कोपर वीतभर जास्त उचलायचा. कंडक्टरने एकदा काठी थांबवून विचारलं, "मागे व्यायाम चाललाय का?" सगळे हसले. तीही हसली, सगळ्यांची तोंडं बघून, क्षणभर उशिरा. पण त्याच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलली नाही. वही लिहिणंही तिने बंद केलं होतं.

हंगाम संपला. आठाचे सहा नाही, सातच झाले, तेही ती आपणहून उठली म्हणून. बोटमोड्याची नोकरी राहिली. तिला ऑर्केस्ट्रानेच सुरांच्या छापील प्रती सांभाळायचं काम दिलं. तळमजल्यावरची खोली, छतापर्यंत फडताळं, कोणत्या वाद्याची कोणती प्रत कुठे आहे ते तिला आठवड्याभरात पाठ झालं.

नवीन हंगामाच्या प्रती न्यायला तो गेला, तेव्हा ती फडताळाशी उभी राहून पाकिटं लावत होती. तो जवळ जाऊन म्हणाला, "त्या पत्राबद्दल मला माफ केलंत का?"

ती पाकिटं लावत राहिली. मग वळून, त्याला नुकतंच पाहिल्यासारखं करून, व्हायोलाची प्रत हातात दिली. "पेन्सिलीनेच खुणा करा," म्हणाली.

जिना चढताना तो थांबला. आपण तिच्या डाव्या बाजूला उभे होतो की उजव्या, हे त्याला काही केल्या आठवेना.