लेकीच्या वाट्याची बाटली

अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदाच शारजाला आमच्या घरी आले. चहा होईपर्यंतही त्यांना धीर नव्हता. बॅगेतून धोतरात गुंडाळलेल्या दोन बाटल्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. लाल वाइन.

नाशिककडे आमची वायनरी आहे. वायनरी म्हणजे एक पत्र्याची शेड, काही टाक्या आणि अण्णांचा हट्ट. पणजोबांनी लावलेल्या काळ्या द्राक्षांच्या देशी वेली, द्राक्षं जाड सालीची, बियांनी भरलेली. बाजारात त्या द्राक्षांना कुत्रं विचारत नव्हतं. उपटून टाका, परदेशी जात लावा, असं सांगून लोक थकले. अण्णा थकले नाहीत. त्यातून वाइन काढायचा परवाना मिळाल्यावर त्यांनी घरात एक नेमच करून टाकला. नवी वाइन आधी लेकींनी चाखायची आणि आम्ही तिघी बहिणी हो म्हटल्याशिवाय विक्रीला काढायची नाही. दोघींनी हो म्हटलं होतं. माझ्यासाठी माल थांबवून हा माणूस विमानात बसला होता.

"अण्णा, इथं दारू चालत नाही. सापडली तर सरळ जेल," मी म्हटलं.

"विमानतळावर तर कोणी अडवलं नाही."

"ती दुबई. हे शारजा."

"मध्ये फाटक कुठं लागलं?"

फाटक नव्हतंच. पण आमच्याच बिल्डिंगमधला एक ड्रायव्हर बिअरच्या एका डब्यापायी आत गेला होता आणि तिथूनच परस्पर गावी पाठवला गेला होता. मला तेच दिसत होतं. नवऱ्याची नोकरी, व्हिसा, लेकीची शाळा, आणि कोठडीत धोतर नेसून बसलेले अण्णा.

माझी लेक तेव्हा चार वर्षांची. "व्हॉट इज दॅट?" तिनं विचारलं. "ग्रेप जूस," मी सांगून मोकळी झाले.

मोरीत ओतून टाकावी, तर अण्णांच्या तोंडाकडे बघवेना. शेवटी नवऱ्याने तोड काढली. दुबईतल्या करामा भागात राहणाऱ्या त्याच्या मित्राकडे दारूचा परवाना होता. दुबईत शिरलो की सुटलो, बाटल्या त्याच्याकडे द्यायच्या आणि तिथंच चाखायची. संध्याकाळी आम्ही निघालो. पिशवी अण्णांच्या पायाशी, वर लेकीचे कपडे.

रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि प्रत्येक ब्रेकला बाटलीवर बाटली आपटत होती. तो आवाज सगळ्या शारजाला ऐकू जातोय असं मला वाटत होतं. दुबईची हद्द अगदी समोर आली आणि मागून धाडकन धक्का बसला. डिकी चेपली, बाकी काही नाही. पण तिथला कायदा असा की पोलीस येऊन कागद देईपर्यंत जागचं हलायचं नाही.

पोलीस आला. तरुण होता, हसरा होता. तो जितका हसत होता, तितकी मी गार पडत होते. त्याने नवऱ्याचे कागद पाहिले, मग खिडकीतून वाकून अण्णांना विचारलं, "बाबा, इंडिया से? क्या काम करता?"

"अंगूर का खेती," अण्णा म्हणाले. वेलींचा विषय निघाला की त्यांचा चेहरा उजळायचा, तसा तो उजळला.

"आजोबा ब्रॉट ग्रेप जूस!" मागून माझी लेक ओरडली.

"जूस? मेरे लिए भी लाया?" पोलीस हसला.

आणि अण्णांनी खाली वाकून पिशवीत हात घातला. दारात आलेल्या माणसाला आयुष्यात कधी रिकाम्या हाताने न पाठवणारा माणूस!

"अण्णा, हात काढा बाहेर! अक्कल आहे का तुम्हाला?"

मी किंचाळलेच. वडिलांना मी कधी उलट उत्तरही दिलं नव्हतं. अण्णांनी हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. पोलीस माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याला अण्णांची दया आली असावी. त्यांच्या खांद्यावर थोपटून त्याने नवऱ्याच्या हातात कागद दिला. "खलास. यल्ला, जाओ."

आम्ही करामाला पोहोचलो. मित्राने बाटली उघडली, पेले भरले. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी पेला ओठांपर्यंत नेला, पण वाइन कुडत्यावरच सांडली. मी पेला न चाखताच खाली ठेवला.

"राहू दे," अण्णा म्हणाले. पिशवीतून त्यांनी एक पुडी काढली. "मी मघाशी ह्या मनुका काढत होतो गं. आपल्याच वेलींच्या आहेत."

मी तिथंच रडायला लागले.

अण्णा परत गेले आणि माझ्या होकाराशिवायच माल विक्रीला निघाला. दरवर्षी नव्या वाइनच्या वेळी ते तिघींना फोन करायचे. बहिणींना विचारायचे, "यंदाची कशी उतरलीय?" मला कोणाबरोबर तरी एक पुडी यायची आणि मग फोनवर अण्णा विचारायचे, "मनुका पोचल्या का?"

गोड आहेत, मी सांगायचे. वाइनचं त्यांनी मला पुन्हा कधीच विचारलं नाही.