पाच वाजता होनोराता बोलते

आमच्या लिब्तोंग गावात सकाळचे पाच आणि संध्याकाळचे पाच घड्याळात पाहावे लागत नाहीत. होनोराताच्या दुकानातून आवाज येतो, "लिब्तोंग बोलतंय. कोण कोण ऐकतंय रे?" आणि घरोघरी भाताचं भांडं चुलीवर चढतं. मी शाळेत शिकवत होतो तेव्हा संध्याकाळी त्या आवाजाला मुलांच्या वह्या बाजूला ठेवायचो.

दुकान म्हणजे घराच्या पुढच्या खोलीला लावलेली जाळीची खिडकी. साबणाच्या वड्या, कॉफीच्या पुड्या, व्हिनेगरच्या बाटल्या, आणि मागच्या फळीवर बाळयेशूच्या मूर्तीशेजारी एक जुना वायरलेस. त्याची एरियल परसातल्या नारळाला बांधलेली आहे. होनोराता अडुसष्ट वर्षांची, बुटकी, गुडघ्यांनी अधू. गाव तिला 'नानाय' म्हणतं, म्हणजे आई. मी तिच्याच वयाचा, म्हणून नावाने हाक मारतो.

तिचा नवरा क्रिसान्तो मासेमार होता. एका वादळात त्याची होडी गेली. तेव्हा वायरलेस मच्छीमार संघाच्या कचेरीत असे आणि कचेरी पाचला बंद होई. क्रिसान्तोने साडेपाचला हाक मारली. समुद्रावरच्या दोन होड्यांनी ती ऐकली, पण त्या फार लांब होत्या. किनाऱ्यावर ऐकायला कोणी नव्हतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, साबणाचं खोकं फोडता फोडता. पुढच्या वर्षी तिने दोन डुकरं विकली आणि हा वापरलेला संच आणला. तेव्हापासून तिची वेळ चुकलेली नाही. लेकीच्या बाळंतपणाचे दोन दिवस काय ते तिचा दीर तेओदुलो तिच्या जागी बसला होता. त्या दोन दिवसांबद्दल मासेमार अजून तक्रार करतात.

तिचा क्रम ठरलेला. आधी होड्या, मग घर. एकेका होडीचं नाव घ्यायचं, ती कुठे आहे ते विचारायचं, आणि मग घरची बातमी द्यायची. "'दिविना लुझ', तुझ्या लेकीचा पुढचा दात पडला, छपरावर टाकलाय. 'ब्लेसिंग', तुझ्या सासूबाई आल्यात, घाई करू नकोस."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचे मासेमार आपण कुठे आहोत ते कधीच खरं सांगत नाहीत. प्रत्येकाने खोल पाण्यात आपला बांबूचा तराफा नांगरलेला असतो, त्याखाली नारळाच्या झावळ्या सोडलेल्या असतात आणि त्या सावलीला मासे जमतात. तराफ्याची जागा कळली की दुसरा येऊन जाळं टाकून जातो. म्हणून विचारलं की काहीतरी सांगायचं, हा आमच्याकडचा रिवाजच. कोणी त्याला खोटं म्हणत नाही. होनोरातालाही सगळे असंच काहीतरी सांगत. फरक इतकाच, की कोण कशा तऱ्हेने फिरवून सांगतो हे तिला पाठ होतं. आणि ते तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

अलीकडे आमची माणसं जुन्या जागी जाऊ शकत नाहीत. आमच्या बापजाद्यांनी जिथे मासे धरले त्या खडकांच्या कड्याभोवती आता दुसऱ्या देशाची पांढरी जहाजं उभी असतात. गावात त्यांना कोणी देशाच्या नावाने ओळखत नाही, नुसतं 'पांढरे' म्हणतात. ते आजूबाजूला दूरवर फिरतात, भोंगे वाजवतात, पाण्याचे फवारे मारतात. आमचं नौदल लहान. म्हणून सरकारने मोठ्या मित्रदेशांकडे जहाजं मागितली, रडार मागितले, सैन्य सरावाला बोलावलं. तेओदुलो तरुणपणी अमेरिकन तळावर जहाजं रंगवायचा. तळ हटवा म्हणून निघालेल्या मोर्चात तो पुढे होता, आणि तळ हटल्यावर नोकरी गेलेल्यांतही पहिला. सरावाची जहाजं किनाऱ्यावरून दिसू लागली तेव्हा तो रोज दुर्बीण घेऊन बघायला जाई.

"काय म्हणतात पाहुणे?" मी विचारलं.

"रंग हलका लावलाय," तो म्हणाला. "एक हात कमी मारलाय. आमच्या वेळी साहेबाने उतरवून पुन्हा लावायला सांगितला असता."

त्याच मदतीतून आमच्या गावाला एक निरीक्षण केंद्र मिळालं. टेकडीवरच्या पंचायतीच्या इमारतीवर उंच मनोरा लागला, नवा वायरलेस आला, एक परदेशी सार्जंट तो बसवून गेला. केंद्र चालवायला तटरक्षक दलाच्या लेफ्टनंट सुमांग आल्या. तिशीतल्या, नम्र, भिंतीवर नकाशा लावून त्यात रंगीत टाचण्या टोचणाऱ्या. एक तारखेपासून किनाऱ्यावर एकच केंद्र बोलणार, बाकीचे संच बंद, असा हुकूम त्यांच्याबरोबर आला. चालक बारावी पास आणि पंचावन्नच्या आतला हवा. होनोराता चौथीपर्यंत शिकलेली.

त्या आठवड्यात ती माझ्या ओसरीवर आली. तेओदुलो आधीच बसला होता.

"मास्तर, अर्ज लिहून द्या. लेफ्टनंटबाईंना."

"काय लिहू?"

"मी तीस वर्षं बोलतेय, मला बोलू द्या."

"तीस नाही, एकोणतीस," मी म्हटलं.

"तुम्ही गणित शिकवायचात?"

"सगळंच शिकवायचो."

आत टीव्हीवर बातम्या चालू होत्या. आमचा मंत्री कुठल्याशा परदेशी मंत्र्याचा हात हलवत होता. तेओदुलो म्हणाला, "बघ राता, सरकारपण अर्जच देतंय. तू लाजू नकोस. क्रिसान्तोचं लिहायला सांग. विधवा बाई म्हटलं की काम होतं."

"त्याला अर्जात घालायचा नाही, कुया," ती म्हणाली. 'कुया' म्हणजे थोरला भाऊ. दिरावर रागावली की ती हा शब्द जरा लांबवते.

मी तीन वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी ती ऐके आणि म्हणे, "हे काढा, हे जास्त वाटतं." शेवटी तीन वाक्यं उरली. मला पगार नको. बसायला स्टूल माझं मी आणीन. पाच वाजता मला बोलू द्यावं.

लेफ्टनंटबाईंनी अर्ज उभ्याने वाचला. "नानाय, माझ्या हातात असतं तर मी आजच तुम्हाला बसवलं असतं," त्या म्हणाल्या, आणि ते खरं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले होते.

एक तारखेला होनोराताने संच बंद केला आणि त्यावर धुतलेला टेबलक्लॉथ घातला. पाच वाजता ती खिडकीशी बसून राहिली. टेकडीवरून पंचायतीतल्या मारिदेलचा आवाज कर्ण्यातून आला, "सर्व नौकांनी आपले स्थान कळवावे." मारिदेल चांगली मुलगी, दोन लेकरांची आई, माझीच विद्यार्थिनी, तिला घरच्या बातम्या द्यायची परवानगी नव्हती. त्या संध्याकाळी गावात भात उशिरा शिजला.

होड्यांनी मात्र नव्या केंद्राला पटापट उत्तरं दिली. दिशा सांगितली, मैल सांगितले. लेफ्टनंटबाई खूश झाल्या. दोन आठवड्यांत नकाशा टाचण्यांनी भरला. आम्ही तो बघायला गेलो तेव्हा तेओदुलो माझ्या कानाशी म्हणाला, "त्या बाजूला एवढे मासे असते तर आपण सगळे बंगल्यात राहिलो असतो."

"सांगायचं का त्यांना?"

"कोणाचा तराफा कुठे नाही, हे सांगणं म्हणजे कुठे आहे ते सांगण्यासारखंच. तुम्ही सांगा. तुम्हाला पेन्शन आहे."

मीही गप्प राहिलो. ती माझी चूक, आणि सगळ्या गावाची.

तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी 'दिविना लुझ'वरून रोसेन्दोचा आवाज आला, "पांढऱ्यांनी पाणी मारलं, उजवी उलांडी तुटली, होडी कलतेय..." आणि मध्येच तुटला. आमच्या होड्या अरुंद. दोन्ही बाजूंच्या बांबूंच्या उलांड्यांवर त्या तरतात. गस्तीची बोट लगेच निघाली. रोसेन्दोने त्या सकाळी सांगितलेल्या जागी ती रात्रभर फिरली. सकाळी सहाला तिचा निरोप आला, इथे काही नाही.

मी कॉफी घ्यायला दुकानात होतो. रोसेन्दोची बायको मिला खिडकीखाली बसली होती. लेफ्टनंटबाई नकाशा घेऊन धावतच आल्या.

"नानाय, तो वायव्येला एकेचाळीस मैल म्हणाला होता. तुम्ही त्याला इतकी वर्षं ऐकताय. काही सुचतंय?"

"वायव्य म्हणाला?"

"हो. मारिदेलने लिहून घेतलंय."

होनोराताने मिलाकडे पाहिलं. मिलाने मान खाली घातली, मग हळूच होकारार्थी हलवली.

"पेन खाली ठेव, बाळ," होनोराता म्हणाली. लेफ्टनंटबाईंनी पेन खिशाला लावलं. "नैर्ऋत्य. मैल एकेचाळीसच. दिशा तो फिरवतो, अंतर नाही, कारण डिझेल मिला मोजते. त्याचा बापही असाच."

"बाप अंतरातही फिरवायचा," मिला डोळे पुसत म्हणाली.

लेफ्टनंटबाई नकाशाकडे बघत राहिल्या. "म्हणजे या बाकीच्या टाचण्या?"

"प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तू विचारलंस, त्यांनी सांगितलं. मनाला लावून घेऊ नकोस. वारा रात्रभर जमिनीवरून होता, तेव्हा बोटीला अजून थोडं पुढे बघायला सांग."

"बोटीला तिकडे पोचायला चार तास लागतील."

"मग बोटीआधी होड्यांना विचारू. माझा संच इतक्या लांब थेट पोचत नाही, मधल्या होड्या निरोप पुढे देतात, त्यात वेळ जातो. तुझा पोचतो का?"

"साठ मैल पोचतो," लेफ्टनंटबाई म्हणाल्या, आणि नकाशा गुंडाळत, "चला वर."

टेकडीला एकशे बारा पायऱ्या आहेत. होनोराता दर दहा पायऱ्यांना थांबत होती. तेओदुलो तिचं स्टूल डोक्यावर घेऊन मागून येत होता आणि पायऱ्या मोठ्याने मोजत होता. मारिदेल तिला पाहताच उठली. होनोराता स्वतःच्या स्टुलावरच बसली आणि बटण दाबलं.

"लिब्तोंग बोलतंय. कोण कोण ऐकतंय रे?"

अर्ध्या मिनिटात अकरा होड्या बोलल्या. सगळ्या एकाच वेळी.

"गप्प बसा. रोसेन्दो बुडतोय. नैर्ऋत्येला कोण आहे? आज खरं सांगा."

मग एक आवाज आला, "नानाय, मी आहे. 'ब्लेसिंग'." नकाशावर 'ब्लेसिंग' पार उत्तरेला होती. मग दुसरा, जरा ओशाळलेला, "मीपण. याच्या शेजारीच."

"शेजारी म्हणजे?" पहिला म्हणाला. "तू माझ्या तराफ्यावर आहेस की काय?"

"ते घरी येऊन भांडा," होनोराता म्हणाली. "आधी त्याला शोधा."

साडेआठला 'ब्लेसिंग'ला ते सापडले. रोसेन्दो आणि त्याचे तिघे सोबती कललेल्या होडीवर बसून होते. रोसेन्दोच्या हाताला जखम होती, बाकी सगळे ठीक. होनोराता संचाजवळून हलली नाही. "रोसेन्दोला सांग, मिला इथे बसलीय. आणि त्याला पाणी आधी पाज, सिगारेट नंतर." मिला जमिनीवर बसून तिच्या गुडघ्याला टेकून रडत होती, दुखऱ्या गुडघ्यालाच, पण होनोराताने पाय हलवला नाही.

लेफ्टनंटबाईंनी त्या दिवशी नकाशावरच्या टाचण्या एकेक करून काढल्या. मग वर अहवाल पाठवला. त्यात काय लिहिलं ते मला माहीत नाही; एवढं माहीत आहे, की माझ्याकडे असलेली अर्जाची प्रत त्यांनी मागून नेली आणि जोडली. महिन्याने उत्तर आलं. होनोराता 'स्थानिक सल्लागार'. पगार नाही, वयाची अट नाही. घरच्या बातम्यांना पाच मिनिटं.

"आणि तुम्ही आजारी पडलात तर, नानाय? कुठेतरी लिहून ठेवायला हवं," लेफ्टनंटबाई म्हणाल्या.

"लिहायचं नाही. मारिदेलला सांगेन, रोज एक होडी. तिचं पाठांतर चांगलं आहे, मास्तरांना विचारा."

ते खरं आहे. पाढ्यांत ती वर्गात पहिली असायची.

आता रोज सकाळ-संध्याकाळ साडेचारला तेओदुलो स्टूल घेऊन निघतो आणि होनोराता त्याच्या मागून चढते. केंद्रात चांगल्या पाठीच्या खुर्च्या आहेत, पण अर्जात लिहिलं होतं तसं स्टूल ती आपलंच नेते. मीही कधीकधी जातो. परवा रोसेन्दो दुरुस्त केलेल्या होडीतून पहिल्यांदा बाहेर पडला होता. पाच वाजता त्याचा आवाज आला.

"'दिविना लुझ'. वायव्य, चव्वेचाळीस मैल."

मारिदेलचं पेन थांबलं. तिने होनोराताकडे पाहिलं. लेफ्टनंटबाईंनीही पाहिलं.

"लिही, बाळ," होनोराता म्हणाली. "तो म्हणाला तेच लिही." मग तिने बटण दाबलं. "'दिविना लुझ', ऐकलं. लेकीला नवा दात येतोय. आणि मिला म्हणते, डिझेल जपून."