ठेल्यावरचा कोच

आमच्या नंदनवन कॉलनीतल्या पोह्याच्या ठेल्यावर रोज सकाळी आमचा एक कोच येतो. तसा तो विम्याचं काम करतो, पण मोठी स्पर्धा जवळ आली की भारताचा फुटबॉल संघ त्याच्याशिवाय निवडलाच जात नाही. नुसत्या हातवाऱ्यांनी त्याचं भागत नाही, तो माणसंच हलवतो. माझ्या हातात तर्री-पोह्याची प्लेट असली तरी तो मला खांद्याला धरून नालीच्या कडेला उभं करतो. "भाऊ, तुम्ही लेफ्ट बॅक. हलू नका."

त्याची भांडणं दोनच. "त्या बुढ्या स्ट्रायकरले काहून खेळवून राहिले? गुडघे गेले त्याचे! अन् हे लंबे बॉल बंद करा, जमिनीवरून पास द्या!" उलट बोलणाऱ्याला तो बेंचवर, म्हणजे स्वतःच्या स्कूटरवर, बसवतो.

रविवारी आम्ही कॉलनीच्या मैदानात खेळतो. गेल्या रविवारी टीम पाडताना त्याने सगळ्यांत आधी मला घेतलं. मी साठीला टेकलेलो, गुडघ्याला पट्टा.

"माझेबी गुडघे गेले ना गा," मी म्हणालो.

"ते टीम देशाची होय, भाऊ. हे आपली होय."

मग त्याने मला स्ट्रायकर म्हणून समोरच्या टीमच्या गोलपुढे उभं केलं आणि खेळभर मागून लंबे बॉल मारत राहिला, मला धावावं लागू नये म्हणून थेट माझ्या पायाशी.

सोमवारी ठेल्यावर तो पुन्हा लंब्या बॉलवर तुटून पडला. मी प्लेट घेऊन आपणहून नालीच्या कडेला जाऊन उभा राहिलो.