आयाच्या शिव्या

नगरच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात माझ्याबरोबर कामाला एक आया होती, तोंडाची भारी फाटकी. "गिळ की गं म्हातारे," असं खेकसत घास भरवायची. मला "भवाने" म्हणायची. दर बाजाराला ती बोरं आणायची आणि एका आंधळ्या आजीच्या ओटीत टाकून सांगायची, "तुझ्या ल्योकानं कोपरगावहून धाडली." तो ल्योक कधीच फिरकला नव्हता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची दीडशहाणी, खरं बोलण्याची खाज फार. आजीला सगळं सांगून टाकलं. तिनं बोरं खाली सोडली आणि अन्नच सोडलं. आठवड्यात गेली. शिव्या खायला मी मान खाली घालून उभी राहिले. आया म्हणाली, "बाई, तुमी शिकल्याल्या हाय." पुढं तिनं मला एकदाही भवाने म्हटलं नाही.